व्हेप कमी घातक आहे का? हो, पण त्या उरलेल्या चार सिगारेटींचं काय करायचं ते आधी ठरवा

तुम्ही जे विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर कळेल. वय ३४, गेली १४ वर्षं रोज बारा-पंधरा सिगारेटी. आठ महिन्यांपूर्वी व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, घेतलं आणि सिगारेटी चारवर आल्या. मित्र म्हणतो व्हेप ९५ टक्के सेफ आहे, बिनधास्त ओढ. बायको म्हणते दोन्ही एकच विष, तू फक्त वास बदललास. त्यात एक व्हिडिओ बघितला, व्हेपने फुफ्फुसाचा पॉपकॉर्न होतो असं सांगणारा. आणि शेवटी दोन ओळीत लिहिलंय की धाकटा भाऊ, वय १९, ज्याने कधी सिगारेटला हात लावला नाही, तोही तुमचं बघून व्हेप ओढायला लागलाय. मग बरोबर कोण, मित्र का बायको?

मी छातीचा डॉक्टर आहे आणि गेली सोळा वर्षं तंबाखू सोडवण्याची ओपीडी पण चालवतो, त्यामुळे हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी माझ्यासमोर येतो. खरं सांगायचं तर तुम्ही एक नाही, दोन प्रश्न विचारलेत, एक तुमचा आणि एक भावाचा, आणि दोघांची उत्तरं उलट आहेत. सगळा घोळ तिथेच होतो. टीव्हीवरचे वाद पण याच कारणाने संपत नाहीत, एक जण चौदा वर्षं ओढणाऱ्याबद्दल बोलत असतो आणि दुसरा शाळेतल्या पोराबद्दल, आणि दोघांनाही वाटतं समोरचा खोटं बोलतोय.

आधी सिगारेट एवढी वाईट का, ते बघू. कारण तंबाखू जळतो. झुरका घेताना सिगारेटचं टोक ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतं आणि त्या आगीत सात हजारांच्या वर रसायनं तयार होतात, त्यातली सत्तरच्या आसपास कॅन्सर करणारी. डांबर, कार्बन मोनॉक्साईड, बेन्झिन, सगळी त्या जळण्याची देणगी. लोकांना वाटतं निकोटीनने कॅन्सर होतो. तसं नाहीये. निकोटीन तुम्हाला रोज त्या आगीजवळ घेऊन येतं, मारायचं काम मुख्यतः धूर करतो. निकोटीनचे पॅच आणि गम आम्ही कित्येक दशकं देतोय ते याच हिशोबावर.

व्हेपमध्ये काही जळत नाही. एक कॉइल, म्हणजे धातूची तार, तापते, प्रॉपिलिन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन आणि फ्लेवर असं मिश्रण असलेलं लिक्विड तापून त्याचे बारीक थेंब होतात आणि ते तुम्ही आत ओढता. म्हणून त्याला पाण्याची वाफ म्हणू नका, विकणारे म्हणतात ते साफ चूक आहे. त्यात थोडा फॉर्मल्डिहाईड नावाचा विषारी वायू असतो, कॉइलमधून सुटणारे निकेल, क्रोमियम, शिसं यांचे अंश असतात, आणि कॉइल कोरडी पडून जळका वास यायला लागला तर फॉर्मल्डिहाईड एकदम वाढतं, तसा झुरका घशाला लगेच कळतो, तेव्हा थांबायचं. पण डांबर नाही, कार्बन मोनॉक्साईड जवळपास नाही, आणि तंबाखूतले जे खास कॅन्सरकारक नायट्रोसामाईन्स ते फार म्हणजे फारच कमी. अमेरिकेतल्या नॅशनल अकॅडमीजनी २०१८ मध्ये तोपर्यंतचे सगळे अभ्यास चाळून काढले आणि त्यांचा निष्कर्ष असा होता की सिगारेट पूर्ण बंद करून व्हेपवर आलेल्या माणसाच्या शरीरात जाणारी बरीच विषारी द्रव्यं कमी होतात, याचा पुरावा पक्का आहे. त्या वाक्यातला 'पूर्ण' हा शब्द लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरच येणार आहे.

आता मित्राचे ९५ टक्के. हा आकडा कुठून आला ते बऱ्याच डॉक्टरांना पण माहीत नसतं. डझनभर तज्ज्ञ एकत्र बसले, निकोटीनच्या वेगवेगळ्या प्रकारांना नुकसानीप्रमाणे मार्क दिले, ते २०१४ मध्ये छापून आलं आणि २०१५ मध्ये ब्रिटनच्या पब्लिक हेल्थ इंग्लंडने 'सुमारे ९५ टक्के कमी हानिकारक' असं जाहीर सांगितलं. टीका पण तेव्हाच भरपूर झाली. म्हणजे हा जाणकारांचा अंदाज आहे, हजारो लोकांना तीस वर्षं बघून मोजलेला आकडा नाही. मोजताच येणार नव्हता, आजचं ई-सिगारेट चीनमध्ये होन लिक नावाच्या फार्मासिस्टने २००३ मध्ये बनवलं आणि फुफ्फुसाचा कॅन्सर दिसायला वीस-तीस वर्षं लागतात. नंतर २०२२ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या लोकांनी मोठा आढावा घेतला, त्यात त्यांनी जास्त सांभाळून लिहिलं, की अल्प आणि मध्यम मुदतीत व्हेपचा धोका सिगारेटच्या धोक्याचा छोटासा अंश आहे, पण म्हणून तो बिनधोक नाही. मी पेशंटला हेच सांगतो, टक्के सांगत नाही. टक्के सांगितले की माणूस मनात पास-नापास करायला लागतो, ९५ म्हणजे डिस्टिंक्शनच की.

आणि तुलना कशाशी चाललीय ते पण बघा ना. सिगारेट ही अशी वस्तू आहे की आयुष्यभर ओढणाऱ्यांपैकी निम्म्यापर्यंत लोक तिच्यामुळेच जातात. तिच्यापेक्षा खूप कमी घातक असणं ही काही फार मोठी परीक्षा नाही.

पॉपकॉर्नचं पटकन सांगतो. २००० साली अमेरिकेत मिझुरीमधल्या मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यातल्या काही कामगारांना लहान श्वासनलिका कायमच्या बुजून जाण्याचा आजार झालेला सापडला, कारण होतं बटरचा वास देणारं डायअसिटाईल नावाचं रसायन, ते लोक पाळीभर त्या वाफेत उभे असायचे. पुढे काही व्हेप लिक्विडमध्ये पण ते सापडलं आणि तिथून ही व्हिडिओची फॅक्टरी सुरू झाली. गंमत अशी की सिगारेटच्या धुरात डायअसिटाईल व्हेपपेक्षा कितीतरी पट जास्त असतं, त्यावर व्हिडिओ कुणी करत नाही. ब्रिटनमध्ये लिक्विडमध्ये ते घालायलाच बंदी आहे. तर तुमच्या काळजीच्या यादीत पॉपकॉर्न तळाला टाका.

२०१९ मध्ये अमेरिकेत जे झालं ते मात्र खरं होतं आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे. धडधाकट तरुण पोरं ताप, उलट्या आणि धाप लागून हॉस्पिटलमध्ये यायला लागली, काही थेट व्हेंटिलेटरवर. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण दाखल झाले, ६८ गेले. शोध घेतल्यावर बहुतेकांनी टीएचसी, म्हणजे गांजातलं नशा आणणारं द्रव्य, असलेली, इकडून तिकडून मिळवलेली व्हेपची काडतुसं, म्हणजे लिक्विड भरलेल्या नळ्या, वापरलेली निघाली, आणि त्यात तेल घट्ट करायला व्हिटॅमिन ई ॲसिटेट घातलेलं. ५१ पेशंटांच्या फुफ्फुसातलं पाणी तपासलं तर ४८ जणांत ते सापडलं. आता व्हिटॅमिन ई म्हणजे काय, गोळी म्हणून लोक गिळतात, चेहऱ्याला लावतात, काही होत नाही. तेच फुफ्फुसात गेलं आणि माणसं मेली. पोटाला ॲसिड आहे, लिव्हर आहे, फुफ्फुसाला तसं काहीच नाही, एक पातळ पापुद्रा आणि पलीकडे रक्त. म्हणून बाटलीवर 'फूड ग्रेड फ्लेवर' लिहिलेलं दाखवून कुणी हे सेफ आहे म्हणालं की मला ही गोष्ट आठवते, खायला चालतं याचा अर्थ ओढायला चालतं असा होत नाही. दालचिनीच्या वासाचं जे रसायन आहे ते प्रयोगशाळेत श्वासनलिकेच्या पेशींना त्रास देताना दिसलेलंच आहे.

यात परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे हेही सांगून टाकतो. तुम्ही राहता तिथे व्हेप कायदेशीर आहे का ते मला माहीत नाही. काही देशांत पूर्ण बंदी आहे, काही ठिकाणी निकोटीनवर मर्यादा आहे, युरोपियन युनियनमध्ये एका मिलीला २० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. जिथे बंदी आहे तिथे जे मिळतं ते कुणी कुठे भरलं याचा काही पत्ता नसतो, आणि मी वर जे 'कमी विषारी' म्हणालो ते तपासलेल्या मालाबद्दल आहे, बिननावाच्या बाटलीबद्दल नाही. बंदीच्या जागी राहत असाल तर व्हेपचा विचार सोडा आणि खाली पॅच-गोळ्यांचं लिहिलंय तेवढंच वाचा.

आता मुद्द्यावर येतो. तुमच्या त्या चार सिगारेटी.

माझ्या टेबलावर एक यंत्र असतं, मोबाइलपेक्षा जरा जाड, त्याला पुठ्ठ्याची नळी लावायची. पेशंटने खोल श्वास घ्यायचा, पंधरा सेकंद रोखायचा आणि मग सावकाश नळीत सोडायचा. स्क्रीनवर श्वासातल्या कार्बन मोनॉक्साईडचा आकडा येतो. न ओढणाऱ्याचा साधारण पाच-सहाच्या खाली, पाकीट संपवणाऱ्याचा वीसच्या वर. व्हेपने हा आकडा वाढत नाही, कारण जळत काही नाही. मागे एक जण आले, पन्नाशीचे, खुशीत होते, म्हणाले डॉक्टर आता आपण फक्त व्हेपवर. म्हटलं छान, फुंका. आकडा आला १३. दोघेही काही बोललो नाही. मग त्यांनी यंत्राकडे बघतच सांगितलं, उठल्यावर एक असते, जेवणानंतर एक, आणि रात्री एखादी, पण त्या काय मोजायच्या.

मोजायच्या त्याच आहेत. हृदयाचा हिशोब सरळ रेषेत चालत नाही, हे कुणी नीट सांगतच नाही. सगळ्यांना वाटतं वीसच्या चार केल्या म्हणजे धोका पण पाचपट कमी. २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १४१ अभ्यासांचा एकत्र हिशोब आला, त्यात असं निघालं की रोज एकच सिगारेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जास्तीचा धोका असतो तो रोज वीस ओढणाऱ्याच्या जास्तीच्या धोक्याच्या ४० ते ५० टक्के असतो. एकच सिगारेट! कारण रक्तवाहिनीचं आतलं अस्तर बिघडायला आणि रक्तातल्या प्लेटलेट्स चिकट व्हायला थोडासा धूर पुरतो, त्यानंतर कितीही ओता, परिणाम त्या प्रमाणात वाढत नाही. मग उलटंही तसंच, वीसच्या चार केल्या तर हृदयाला त्या मानाने फार थोडं कळतं. कॅन्सरचं वेगळं आहे, तिथे सिगारेटींची संख्या कमी केल्याचा थोडा उपयोग होतो, पण तिथे किती ओढता यापेक्षा किती वर्षं ओढता याला जास्त वजन आहे, आणि चार ओढणाऱ्याची वर्षं चालूच असतात ना.

त्यात माणूस कमी सिगारेटी ओढतो तेव्हा त्या जास्त ओढतो. म्हणजे खोल झुरके, धूर जास्त वेळ आत, आणि अगदी फिल्टरपर्यंत. तुमचं आजचं थोटूक उचलून फिल्टरचा रंग बघा आणि बारा-पंधरा ओढायचात तेव्हाचा आठवा. २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासात लोकांच्या लघवीत आणि लाळेत ही विषारी द्रव्यं मोजली होती. सिगारेट सोडून फक्त व्हेपवर असलेल्यांत कॅन्सरकारक नायट्रोसामाईनचा अंश ओढणाऱ्यांपेक्षा ९७ टक्के कमी निघाला. आणि दोन्ही करणाऱ्यांत? जवळपास नुसत्या सिगारेट ओढणाऱ्यांएवढाच.

म्हणजे तुमच्या बाबतीत आज घडीला बायको बरोबर आहे. मित्र बरोबर ठरू शकतो, पण त्यासाठी त्या चार शून्यावर याव्या लागतील. दोनवर आल्या, वीकेंडपुरत्या उरल्या, असं नाही. शून्य. स्कॉटलंडमध्ये डंडी इथे ११४ ओढणाऱ्यांवर अभ्यास झाला, २०१९ चा, सिगारेट सोडून व्हेपवर गेलेल्यांच्या रक्तवाहिन्या एका महिन्यात सुधारलेल्या दिसल्या, आणि ज्यांनी बदल नीट पाळला त्यांच्या जास्त. महिनाभरात फरक दिसतो म्हणजे शरीर वाटच बघत असतं. निकोटीन तरीही नाडी आणि ब्लडप्रेशर वाढवतं, रक्तवाहिन्या आवळतं, त्यामुळे ज्यांना आधीच हृदयाचा त्रास आहे त्यांच्याशी मी वेगळं बोलतो, तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही म्हणून इथे थांबतो.

तुम्ही ३४ चे आहात, हे तुमचं सगळ्यात मोठं भांडवल. ब्रिटनमधल्या डॉक्टरांवरचा जो प्रसिद्ध अभ्यास १९५१ ला सुरू झाला त्याचे पन्नास वर्षांचे निकाल २००४ मध्ये आले: ओढत राहणारे सरासरी दहा वर्षं लवकर गेले, तिशीत सोडलं त्यांनी ती जवळपास सगळी वाचवली, चाळिशीत सोडणाऱ्यांनी नऊ, पन्नाशीत सहा, साठीत तीन. दार अजून बरंच उघडं आहे.

मग करायचं काय. इथे मी स्वतःची एक चूक सांगतो. सुरुवातीला मी अशा पेशंटला दोन्ही एकदम सोडा म्हणायचो, कडकपणे. एका बाईंना व्हेप माझ्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकायला लावलं होतं, मला फार भारी वाटलं होतं तेव्हा. तीन महिन्यांनी त्या परत आल्या, रोज पाकीटभर ओढत होत्या. त्या दिवसापासून क्रम बदलला: आधी आग विझवायची, निकोटीनचं नंतर बघू. व्हेप आधी सोडून चार सिगारेटींवर राहीन असं डोक्यात असेल तर ते अगदी उलटं होईल.

चार सिगारेटी कोणत्या ते लिहून काढा. माझा अंदाज, पहिली सकाळी उठल्यावर अर्ध्या तासात. तसं असेल तर व्यसन चांगलंच मुरलेलं आहे, आमच्याकडे हा प्रश्न सगळ्यात आधी विचारतात. निकोटीन दर दोन तासांनी रक्तात निम्मं होतं, रात्रभरात टाकी रिकामी, म्हणून सकाळची तलफ सगळ्यात खवळलेली असते आणि सिगारेट निकोटीन मेंदूला दहा-वीस सेकंदांत पोचवते, तुमचं व्हेप बहुतेक तेवढ्या झपाट्याने पोचवत नसेल. यावर दोन उपाय. एक म्हणजे बाटलीवरचं प्रमाण बघा. खूप जण 'निकोटीन जितकं कमी तितकं चांगलं' म्हणून मिलीला ३ मिलिग्रॅमचं घेतात, मग तलफ भागत नाही, दिवसभर हातात व्हेप, शंभरदा ओढणार, लिक्विड तिप्पट आत जाणार आणि वर चार सिगारेटी त्या वेगळ्याच. अशा माणसाला काही महिन्यांपुरतं वरचं प्रमाण जास्त उपयोगी पडतं, ऐकायला विचित्र वाटेल पण तसंच आहे. दुसरं म्हणजे पॅच. पॅच हळूहळू, दिवसभर एकसारखं निकोटीन देतो आणि रात्रभर ठेवायचा प्रकार असला तर सकाळची टाकी अगदी रिकामी होत नाही. पॅच आणि वरून गम किंवा चघळायची गोळी, असं दोन्ही मिळून एकट्यापेक्षा जास्त चालतं. व्हॅरेनिक्लिनच्या गोळ्या आहेत, त्या सोडायच्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरू करतात, मेंदूतल्या निकोटीनच्या जागा अर्धवट अडवून ठेवतात त्यामुळे तलफ पण कमी आणि ओढलीच तर मजा पण येत नाही. सायटिसिन त्याच घराण्यातलं. हे सगळं डॉक्टरला भेटून, तुमचे बाकीचे आजार आणि औषधं बघून ठरवायचं.

कुणी अजून व्हेप घेतलेलंच नसेल तर मी पॅच आणि गोळ्यांपासून सुरुवात करतो, कारण त्यांचं बरंवाईट आम्हाला जास्त वर्षांपासून माहीत आहे. पण व्हेप चालतच नाही असं म्हणणं पण पुराव्याला धरून नाही. २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये ८८६ लोकांवर प्रयोग झाला, सोबत समुपदेशन दोन्हीकडे होतं. वर्षाअखेर व्हेपवाल्यांपैकी १८ टक्के सिगारेटपासून सुटलेले, पॅच-गमवाल्यांपैकी ९.९ टक्के. व्हेप विकणारे इथवरच सांगतात. पुढचं असं की त्या सुटलेल्यांपैकी व्हेप गटातले ८० टक्के वर्षानंतरही व्हेप ओढतच होते आणि दुसऱ्या गटात पॅच-गम चालू असलेले फक्त ९ टक्के. म्हणजे सिगारेट सुटते पण निकोटीन चिकटून राहतं, त्यामुळे दुसऱ्या टप्प्याची तारीख आत्ताच डोक्यात असलेली बरी.

तो दुसरा टप्पा मी सिगारेट पूर्ण बंद होऊन तीनेक महिने झाल्याशिवाय सुरू करत नाही. आणि आधी प्रमाण कमी करत नाही, आधी जागा कमी करतो. अंथरुणात नाही, गाडीत नाही, काम करता करता नाही, ओढायचं तर उठून बाहेर जाऊन. निम्मं ओढणं तिथेच गळतं कारण ते तलफेने नसतंच, हाताला चाळा म्हणून असतं. मग प्रमाण एकेक पायरी खाली.

मधे काय काय होईल ते सांगून ठेवतो नाहीतर घाबराल. सिगारेट थांबल्यावर खोकला आणि बेडका आधी वाढू शकतो, श्वासनलिकेतले झाडू मारणारे बारीक केस पुन्हा कामाला लागतात म्हणून. तोंड येतं बऱ्याच जणांचं. चिडचिड आणि झोपमोड पहिल्या आठवड्यात जोरात, दोन-चार आठवड्यांत उतरते, घरात आधीच सांगून ठेवा. आणि एक गोष्ट जी फार कमी लोकांना माहीत असते: सिगारेटच्या धुरामुळे लिव्हरमधलं एक एन्झाईम जोरात चालतं जे कॅफिन फोडतं, ते धुरामुळे, निकोटीनमुळे नाही. धूर थांबला की तीच कॉफी जवळपास दुप्पट चढते, छाती धडधडते, झोप जाते आणि माणूस म्हणतो सिगारेट सोडल्यामुळे मला त्रास होतोय. कॉफी निम्मी करा. दम्याचं थिओफायलिन किंवा मानसोपचाराची क्लोझापिन, ओलान्झापिन अशी औषधं चालू असतील तर सोडण्याआधी डॉक्टरला सांगणं गरजेचं, डोस बदलावा लागतो.

बायकोला धूर आणि वाफ यातलं काय जास्त बाधतं, तर धूर, खूपच जास्त, कारण सिगारेट तुम्ही ओढत नसतानाही हातात जळत असते आणि व्हेप तसं जळत नाही. तरी बंद खोलीत, लहान मुलांजवळ किंवा घरात कुणी गरोदर असेल तर व्हेपही नको. लिक्विडची बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा, ती चॉकलेटसारखी वास मारते आणि पोटात गेली तर निकोटीन लहान पोराला मारू शकतं. चार्जर मूळचा वापरा आणि बॅटरी सुटी असेल तर किल्ल्या-नाण्यांबरोबर खिशात टाकू नका, मांड्या भाजलेले पेशंट सगळ्या जगात झालेत.

आता भाऊ. त्याच्यासाठी मी वर लिहिलेलं सगळं विसरा. तुमची तुलना धुराशी आहे, त्याची नुसत्या हवेशी. तुम्ही सिगारेट सोडून व्हेपवर आलात तर पायऱ्या उतरता, तो व्हेपवर आला तर चढतोय, पायरी तीच असली तरी. मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो आणि त्या वयात निकोटीनची सवय लवकर आणि घट्ट लागते. त्यात हल्लीच्या पॉड (लिक्विडची बदलायची डबी असलेलं छोटं व्हेप) आणि डिस्पोजेबलमध्ये (संपलं की फेकायचं व्हेप) निकोटीन सॉल्ट असतं, ॲसिड घालून त्याची घशातली धार घालवलेली. पहिली सिगारेट ओढताना तुम्हाला ठसका लागला असेल, डोळ्यात पाणी आलं असेल, तो शरीराचा राखणदार होता. सॉल्टने तो राखणदारच झोपवलाय. शिवाय सिगारेट संपते, विझवावी लागते, व्हेपला तसा शेवट नाही. २ मिलीचं, मिलीला २० मिलिग्रॅमवालं एक डिस्पोजेबल म्हणजे ४० मिलिग्रॅम निकोटीन, एका सिगारेटमधून अंगात साधारण एक ते दीड जातं, व्हेपमधलं सगळं अंगात जात नाही हे धरूनही तो एकेका डिस्पोजेबलमागे पाकिटाच्या घरात पोचतो आणि त्याच्या लेखी त्याने एकही सिगारेट ओढलेली नाही.

त्याला पॉपकॉर्नचा व्हिडिओ दाखवू नका. तो पाच मिनिटांत शोधेल की ते तसं नसतं आणि मग तुमचं पुढचं एक वाक्य ऐकणार नाही. त्याला एवढंच विचारा की सकाळी उठल्यावर किती वेळाने पहिला झुरका घेतोस, आणि एक दिवस व्हेप घरी विसरलास तर काय होतं. उत्तर देताना तो जर हसून विषय बदलायला लागला तर सवय लागलीय, मग त्यालाही ओपीडीत आणा, या वयाची पोरं पुष्कळ येतात. आणि तो तुमचं बघून शिकला हे तुम्हीच लिहिलंय, त्यामुळे निदान त्याच्यासमोर ओढणं आजपासून बंद.

शेवटी, तुम्ही मधेच एका ओळीत लिहिलंय की दोन जिने चढलं की हल्ली धाप लागते. ते तुम्ही व्हेपच्या नावावर टाकलंय, मी टाकणार नाही. चौदा वर्षांच्या सिगारेटीनंतर ३४ व्या वर्षी धाप लागत असेल तर फुंकून करायची स्पायरोमेट्री, म्हणजे फुफ्फुसाच्या ताकदीची तपासणी, करून घ्या, दहा-पंधरा मिनिटांचं काम असतं, आणि थुंकीत रक्त, छातीत दुखणं किंवा वजन उतरणं यातलं काही असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. जाताना व्हेप लपवू नका, बाटलीसकट घेऊन जा. मी पेशंटला बाटलीवरचे मिलिग्रॅम मोठ्याने वाचायला लावतो, बऱ्याच जणांनी तोपर्यंत ते वाचलेलेच नसतात.